गळती पावसाची नाही, एसीचीच
कोरड्या दिवशीही एसी लावला की मोटरहोमच्या छतातून टपकतं, असं तुम्ही लिहिलंय. मग गॅस्केट (एसी आणि छतामधलं सील) बदलायची घाई नको, आधी ड्रेन पॅन, म्हणजे एसीचं पाणी झेलणारं तबक, बघा. वीज बंद करून वरचं कव्हर काढा, कूलिंग कॉइलखालच्या पॅनची भोकं मऊ वायरने मोकळी करा. मुंबईच्या दमट हवेत तिथे धूळ आणि बुरशीचा चिकट लगदा होतो. मग पॅनमध्ये लिटरभर पाणी हळूहळू ओता. छतावर वाहून गेलं तर ठीक. नाही गेलं तर गाडी कलती उभी आहे का, पॅनला तडा आहे का, पाहा. फिल्टर धुवाच: हवा अडली की कॉइलवर बर्फ जमतो आणि एसी बंद केल्यावर तो वितळून पाणी एकदम उतू जातं. एसी छताला धरणारे बोल्ट मात्र उगाच आवळू नका. गॅस्केट साधारण अर्ध्या इंचापर्यंत दबलं की पुरे. जास्त आवळलं तर पॅनच वाकतो.