‘जंगल कॅम्प’ला मराठीत काय म्हणावे?

अर्धविराम:
ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या प्रशिक्षणावरील एका लेखाचा अनुवाद करताना मी ‘जंगल कॅम्प’पाशी अडलो आहे. लिपी नसलेल्या भाषांमध्ये बायबल नेऊ पाहणाऱ्या समर इन्स्टिट्यूट ऑफ लिंग्विस्टिक्स या संस्थेने १९४० च्या दशकात मेक्सिकोतील चियापास राज्यात हे प्रशिक्षण सुरू केले. पेरू, एक्वादोरकडे निघालेली तरुण मंडळी तेथे ओंडका कोरून केलेली होडी वल्हवायला, दिवसचे दिवस पायी चालायला आणि शेवटी वासे, वेली व पाने यांचे खोपट स्वतः उभारून त्यात मातीची चूल घालायला शिकत. मी ‘वनशिबिर’ लिहिले, तर संपादक म्हणतात की त्यावरून शाळेची सहल डोळ्यांसमोर येते. त्यांचे म्हणणे खोडून काढता येत नाही, कारण आपल्याकडचे शिबिर शनिवारी भरते आणि रविवारच्या जेवणानंतर उठते. हे काही महिने चाले.

उंबरठा:
मुळात ‘जंगल’ या शब्दावरच माझा आक्षेप आहे. संस्कृतात ‘जांगल’ म्हणजे कमी पाण्याचा, विरळ झाडीचा कोरडा मुलूख आणि त्याच्या उलट दलदलीचा, दाट झाडीचा तो ‘आनूप’, असा भेद आयुर्वेदाच्या ग्रंथांत स्वच्छ केलेला आहे. इंग्रजांनी आपल्याकडून शब्द उचलला, त्याला अमेझॉनची ओल लावली आणि आता पुढे ‘कॅम्प’ जोडून तोच आपण परत घेत आहोत. ‘आनूपवास’ म्हणावे, निदान ‘अरण्यवास’ तरी म्हणावे.

मुकादम:
‘आनूपवास’ वाचून वाचकाला आपण पंचकर्माची जाहिरात वाचत आहोत असे वाटेल आणि ‘अरण्यवास’ पांडवांच्या वाट्याला आला होता, ही मंडळी तर अर्ज करून जात होती. व्युत्पत्तीवरूनच अर्थ ठरवायचे असतील, तर अमुक मास्तरांनी मिशनरी वृत्तीने शाळा चालवली असे लिहिणेही बंद करावे लागेल, कारण ते वाचताना कोणाच्याही मनात चर्च येत नाही. माझी सूचना ‘तालीम’ अशी आहे. अरबीत तिचा अर्थ शिकवण, आमच्या कोल्हापुरात ती लाल मातीत उतरली आणि नाटकवाल्यांकडे प्रयोगाआधीचा सराव झाली. चियापासमध्ये या तिन्ही गोष्टी होत्या. खरा प्रयोग अमेझॉनच्या खोऱ्यात व्हायचा होता, म्हणून मेक्सिकोत आधी ‘रानातली तालीम’.

दोन प्रहर:
‘रानातली’ मुळीच नको. आमच्या साताऱ्याकडे आई रानात गेली आहे म्हणजे भुईमूग काढायला शेतात गेली आहे. शिवाय तालमीत संहिता हाती असते आणि तिथेच तर सगळे अडत होते. ८ जानेवारी १९५६ रोजी एक्वादोरमधील कुरारे नदीच्या वाळूवर जे पाच मिशनरी वाओरानी लोकांच्या भाल्यांनी मारले गेले (ते या संस्थेचे नव्हते), त्यांना त्या भाषेतील मोजकी वाक्ये काय ती येत होती आणि तीही दायुमा नावाच्या, घरदार सोडून बाहेर आलेल्या वाओरानी बाईकडून घेतलेली. त्यांच्यातला वैमानिक नेट सेंट विमान गोल गोल फिरवीत दोरीला बांधलेल्या बादलीतून भेटवस्तू सोडत असे. एकदा त्या बादलीतून पोपट परत आला. संवाद झाला तो एवढाच. पुढे १९५८ मध्ये मृतांपैकी एकाची पत्नी एलिझाबेथ एलियट आणि नेटची बहीण रेचेल याच लोकांत जाऊन राहिल्या. त्यांनी तेथे भाषा ज्या रीतीने उचलली, तिला शिबिर म्हणता येत नाही आणि तालीमही म्हणता येत नाही.

उंबरठा:
तुमच्या लेखात वाओरानींना ‘आउका’ म्हटले आहे का, हे पाहावे. त्या काळच्या लेखनात तेच नाव सर्रास आढळते आणि शेजारच्या किचवा भाषेत त्याचा अर्थ शत्रू, रानटी असा होतो. अनुवादकाने ते गाळावे.

मुकादम:
गाळू नये. जुन्या लेखनातील शिवी पुसून टाकली, तर ती कोणी दिली हेही पुसले जाते. वाओरानीही परक्यांना ‘कोवोडी’ म्हणत आणि त्यात माणसे खाणारे असा अर्थ होता, म्हणजे नावे ठेवण्यात दोन्ही बाजू सारख्याच पुढे होत्या.

दोन प्रहर:
दोन्ही बाजू सारख्या कशा? विमाने आणि छापखाने एकाच बाजूकडे होते, त्यामुळे ‘आउका’ जगभर गेले आणि ‘कोवोडी’ नदीकाठीच राहिले. ‘रानटी’चेही तेच आहे, रानमेवा वाट्यावर घासाघीस न करता घेणारी आपली माणसे त्याच रानावरून शिवी घडवतात.

अर्धविराम:
चर्चा उद्बोधक आहे, परंतु कॅम्पचे काही ठरलेले नाही आणि मजकूर मला परवा द्यायचा आहे. तूर्त ‘जंगलातील प्रशिक्षणतळ’ असे लिहून पुढे सरकतो. ‘रेनफॉरेस्ट’ला ‘वर्षावन’ केले आहे, त्यावर तरी वाद नसावा.

उंबरठा:
आहे. वर्षा हा आपला एक ऋतू आणि तेथे तर बाराही महिने पाऊस पडतो. ‘पर्जन्यवन’ लिहावे.

मुकादम:
पर्जन्य तरी आपल्याकडे जूनच्या आधी कधी आला आहे?