फॉर्मवर पत्ता काय लिहायचा? नावेवर, गाडीत, पालात राहिलेल्यांचे अनुभव (अनुभव धागा)

आर्वीकडच्या आमच्या गावाबाहेर, गायरानाच्या कडेला, दरवर्षी दिवाळीनंतर भटक्या लोकांची पालं (ताडपत्रीचे तंबू) पडतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पालं दिसली की दुसऱ्या दिवशी तिकडे जाऊन चार-पाच लेकरं वर्गात आणून बसवते. ती बाराखडीला लागतात न लागतात तोच पालं उठतात.

यंदा त्या रांगेत एक जुना टेम्पो उभा आहे. आत चटई, शेगडी, देवाचा फोटो, दोरीवर वाळणारे कपडे. माणूस आधी तालुक्याच्या गावी भाड्याच्या गाळ्यात दुकान चालवायचा. मुलीचं नाव घालायला त्याची बायको शाळेत आली आणि फॉर्म पुढे धरून म्हणाली, "मॅडम, इथं पत्ता काय लिवू?" मला पटकन उत्तर देता आलं नाही.

म्हणून हा धागा. गेल्या काही वर्षांत पैशाची घडी विस्कटल्यामुळे ज्यांना नावेवर, गाडीत, तंबूत दिवस काढावे लागले, किंवा ज्यांच्या पिढ्याच तशा गेल्या, त्यांनी लिहा. किती वाचलं आणि वाचलेलं कुठे गेलं, ते खरंखरं लिहा. राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ साली आलं, पण ते फिरायला जाणाऱ्यांसाठी आहे. मी विचारतेय ते राहणाऱ्यांबद्दल.

पवनी तालुका, भंडारा

मॅडम, मी ढिवर. आमचं जुनं गाव गोसीखुर्दच्या पाण्यात गेलं. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हातानं धरणाचं भूमिपूजन झालं तेव्हा माझे बाबा तरणे होते. गाव उठलं तेव्हा म्हातारे झाले होते. पुनर्वसनात घर मिळालं, पक्कं आहे, नाही म्हणत नाही. पण नदी तिथून लांब पडते. मासोळी धरणारा नदीपासून लांब राहून काय करेल? म्हणून पाऊस सरला की मी, बायको आणि धाकटा भाऊ डोंग्यावर बिऱ्हाड हलवतो, ते होळीपर्यंत.

डोंगा म्हणजे फोटोतली हाउसबोट नाही जी. मधे बसून हात पसरले तर दोन्ही काठ हाताला लागतात. मागच्या टोकाला तेलाच्या डब्याला आतून माती लिंपून चूल केली आहे. पुढे जाळं, मधे आम्ही, वर बांबूच्या कमानीवर ताडपत्री. रात्री कूस बदलायची तर आधी सांगावं लागते, नाहीतर सगळा डोंगा हलते. थंडीत नदीवर असं धुकं पडते की पांघरूण सकाळी पिळून वाळवावं लागते.

भाडं नाही हे खरं. पण जाळ्याला आणि डोंग्याच्या डांबराला व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असते, म्हणून भाव तोच ठरवते. आमच्याजवळ बर्फ नाही. झिंगा संध्याकाळपर्यंत थांबत नाही, मग देईल त्या पैशाला द्यावा लागते. आणि पाणी! नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये येते आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला मिळते. आजोबा नदीचं पाणी ओंजळीनं प्यायचे. आम्ही चोवीस तास पाण्यावर असतो आणि प्यायचं पाणी गावातून कॅनमध्ये आणतो. जलपर्णी वाढली की त्यात जाळं टाकताच येत नाही, काढतानाच फाटते.

२०२० चं सांगतो. टाळेबंदीत बाजार बंद होते, अंगावर उचल तशीच होती, म्हणून त्या पावसाळ्यात डोंगा सोडला नाही. ऑगस्टच्या शेवटी पूर आला. वर मध्य प्रदेशात संजय सरोवराचं पाणी सुटलं होतं. डोंगा बाभळीला बांधला होता आणि दोर आखूड होता. पाणी जसं चढलं तसं डोंग्याचं नाक खाली ओढायला लागलं, पुढून पाणी आत यायला लागलं. गाठ भिजून अशी आवळली होती की सुटेना. बायकोनं विळ्यानं दोर कापला, म्हणून हे लिहून राहिलो आहे. भांडी, तांदळाचा कट्टा, नवीन जाळं, सगळं वाहून गेलं.

पुढे पंचनाम्याला माणसं आली. त्यांनी पुनर्वसनातलं घर पाहिलं. घर सुकं होतं. जे गेलं ते घरात नव्हतंच, त्यामुळे कागदावर काही आलं नाही. त्या माणसांवर माझा राग नाही, त्यांच्या फॉर्मवर घराचा रकाना होता. डोंग्याचा नव्हता.

परतवाडा, अमरावती

आमचं साड्यांचं लहानसं दुकान होतं, भाडं महिन्याला सहा हजार. नोटबंदीत हललं, २०२० मध्ये बसलं. गाळा सोडला, नंतर राहती खोलीही सोडली. पोरगी आजीजवळ अकोटला ठेवली आणि आम्ही दोघं आमच्या छोट्या हत्तीत (लहान टेम्पोत) राहायला लागलो. मागच्या हौद्यावर पत्र्याची पेटी बांधून घेतली. दिवसा तीच दुकान, रात्री तीच खोली. एका गावचा बाजार उठला की दुसऱ्या गावच्या वाटेला लागायचं.

पहिलं वर्ष बरं गेलं. भाडं वाचतंय याचाच आनंद होता. मग हिशेब कळायला लागला. डिझेल, टायर, बाजाराची पावती आणि छोटू सिलेंडर, कारण मोठं गाडीत ठेवायची भीती वाटते. त्यात आमचं गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी आणि शेतमजूर. २०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात ते चार हजारांच्या आसपास विकलं जात होतं. त्या दिवाळीत बाया यायच्या, साडी उलगडायच्या, पदरावरून हात फिरवायच्या आणि घडी घालून परत ठेवायच्या. त्यांना मी काय म्हणणार?

एप्रिल-मे लागला की पत्र्याला हात लावता येत नाही. ४५ अंशांत पेटीच्या आत काय होत असेल तुम्हीच समजा. साड्यांमधून गरम वाफ येते. छतावर ओलं बारदान टाकतो, पण त्यालाही पाणी लागतं, आणि उन्हाळ्यात गावातल्या माणसाला पाणी पुरत नाही तिथे परक्या गाडीवाल्याला बादली कोण देणार? कडुनिंब मोठा असेल तर ते गाव आमच्यासाठी चांगलं, अशी माझी आता साधी ओळख झाली आहे.

एक गोष्ट बायकोला विचारून लिहितो. ती दुपारी चारनंतर पाणी पीत नसे. रात्री गाडी पेट्रोलपंपावर लावली तर संडास मिळतो. रस्त्याकडेला लावली तर अंधारात जायला तिला भीती वाटायची. दोन वर्षं तिनं हे मला सांगितलंच नाही. मग मुतखडा झाला. दवाखान्यात दोन दिवसांत जे गेले ते दुकानाचं चार महिन्यांचं भाडं होतं.

(धागा सुरू करणारी मी) दादा, वहिनींनी हे लिहू दिलं याबद्दल त्यांचे फार आभार. भाड्याच्या हिशेबात ही गोष्ट कोणीच धरत नाही. इतर बायांनीही लिहावं ही विनंती.

मोर्शीकडून, पालातून

मी सांगतो, भाचा लिहिते.

आमचं घर म्हंजे बांबू, दोन ताडपत्र्या अन एक पेटी. आमी पाट्या-वरवंट्याले टाकी लावनारे, म्हंजे छन्नीनं टोचून देनारे. घरोघरी मिक्सर आले अन ते काम सरलं. आता कापूस येचतो, किलोमागं धा रुपये. लोक म्हनतात, तुमचं बरं हाय बापा, ना घर ना घरपट्टी, मनात आलं तिकडं चालले. बाई, आमी मनात आलं म्हनून नाई जात. जिथं पाल टाकलं तिथं दोन-तीन दिसांत कोनी ना कोनी येते अन उठा म्हनते. गावात कोनाची मोटर चोरीले गेली का पयले आमच्या पेट्या उघडतेत. माहा लेक तवा सात वर्साचा होता. त्यानं आपली शाळेची पिशवी सोता उलटी करून दाखवली.

पोराच्या जातीच्या दाखल्याले १९६१ च्या पयलेचा रहिवासाचा कागद मांगतेत. माहा आजा तवा कोन्त्या झाडाखाली होता हे मले कसं मालूम? त्यानं कागद कोठून आनाव?

रेशन आता कोन्त्याई गावी अंगठ्यावर भेटते, हे लय चांगलं झालं. पयले कार्ड ज्या गावचं त्याच गावी जा लागे, जायाले-यायालेच मजुरी बुडे. पन माहा अंगठा उठत नाई. दगडावर टाकी मारू मारू रेघाच घासल्या. मंग लेकाले सोबत नेतो, त्याचा अंगठा लागते. त्या दिसी त्याची शाळा बुडते.

देवळी, वर्धा

मी पलीकडच्या बाजूचा, म्हणजे शेतकरी. आमच्या वावरात दरवर्षी मेंढरं बसवतो. कच्छकडचे रबारी उंटांवर खाट, भांडी, लहान कोकरं आणि लहान पोरं बांधून येतात. चार रात्री मेंढरं वावरात बसली की लेंडीखत मिळतं, आम्ही धान्य आणि थोडे पैसे देतो. आधी हा व्यवहार सगळ्यांना हवा असायचा. आता तणनाशक मारलेल्या धुऱ्यावर (बांधावर) मेंढरू चारायचं कसं हा त्यांना प्रश्न आणि गायरान उरलंच किती हाही. गेल्या साली भांडण झालं, मीही आवाज चढवला होता. वरचं वाचून ते आठवलं. यंदा आले की विहिरीवर मोटर लावून देईन.

दारव्हा, यवतमाळ (आधी लंडन)

माझी गोष्ट या सगळ्यांत बसते का ते ठरवा. मला पगार होता. २०२२ च्या ऑक्टोबरात ब्रिटनमध्ये महागाई ११ टक्क्यांवर गेली, ४१ वर्षांतली सर्वांत जास्त. खोलीचं भाडं वाढलं तेव्हा मी आणि एका मित्रानं मिळून कालव्यावरची जुनी नॅरोबोट घेतली. रुंदी ६ फूट १० इंच, कारण तिकडच्या बऱ्याच जुन्या कालव्यांची दारं (नाव वरच्या-खालच्या पाण्यात नेणारी लॉक) साधारण सात फुटांची आहेत. लांबी आमच्या गोठ्याएवढी. दोन वर्षं त्यात राहिलो.

नाव बांधायला कायमची जागा घेतली नसेल तर एका ठिकाणी १४ दिवसांच्या वर थांबता येत नाही. १९९५ च्या कायद्यातच तसं आहे. त्यामुळे दर दुसऱ्या शनिवारी इंजिन सुरू करायचं, हातानं दारं उघडत पुढे सरकायचं आणि सोमवारी ऑफिसला जायची नवी वाट शोधायची. हिवाळ्यात लोखंडी शेगडीत कोळसा रात्री नीट दाबला नाही तर पहाटे तोंडातून वाफ निघते. एकदा नळाची पाइप गोठून फुटली. संडासाची टाकी हातानं उचलून रिकामी करायला न्यावी लागते. बँकेला पत्ता हवा, डॉक्टरला पत्ता हवा. मित्राच्या बहिणीचा पत्ता आम्ही सगळीकडे लावला होता. २०२४ च्या एप्रिलपासून कायम जागा नसलेल्या नावांना परवान्यावर जादा आकार लागला, त्याच वर्षी आम्ही ती विकली. भाड्याचे पैसे वाचले, पण बरेचसे डागडुजीत गेले.

तरी एक फरक मला इथं आल्यापासून सलतो. तिथं कालव्याच्या काठानं ठरावीक अंतरावर पाण्याचा नळ आहे आणि संडासाची टाकी रिकामी करायची जागा आहे. परवान्याच्या पैशात. चावी सगळ्या नाववाल्यांकडे असते. फिरतं राहणारा माणूस येणार हे तिथं कुणीतरी आधीच धरलेलं आहे. आमच्या दारव्ह्याच्या रस्त्याला माझ्या जन्माआधीपासून दरवर्षी पालं पडतात, आणि तिथं आजही एक नळ नाही.

(धागा सुरू करणारी मी) हे वाचून मी आज ग्रामपंचायतीत गेले होते. गायरानाजवळून पाइपलाइन जातेच, एक तोटी काढून द्या असा अर्ज दिला आहे. पाहू.

फॉर्मचं काय केलं असं तिघांनी विचारलं. गावाचं नाव लिहिलं आणि त्यापुढे "गायरान, विहिरीजवळ" असं लिहिलं. चाललं. बाकीच्या शिक्षकांसाठी सांगते, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात वयाचा दाखला नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. लेकरू दारात आलं की आधी वर्गात बसवा, कागद नंतर. भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनाही आहे, जागा आणि घर दोन्हीची. मोर्शीकडच्यांनी इतर मागास बहुजन कल्याण विभागाकडे जरूर विचारावं, अर्ज लिहायला मी येते.

तिवसा, अमरावती

मिस्टरांची पुण्याची नोकरी गेली, आम्ही गावी परत आलो आहोत. जुनी मिनीबस घेऊन आत राहायचं आणि गावोगाव नाश्ता विकायचा असा विचार चालू आहे. दोन मुलं आहेत, सात आणि चार वर्षांची. परतवाड्याच्या दादांना विचारायचं होतं, जमेल का?

परतवाडा, अमरावती

ताई, धंदा गाडीवर करा, चालेल. नाश्त्याला गिऱ्हाईक आहे, साडीपेक्षा जास्त. पण गावातली खोली सोडू नका. एक खोली असली तरी चालते, लाइट बिल तुमच्या नावाचं असू द्या. आधार, गॅस, मुलांची शाळा, दवाखाना, सगळं त्या बिलावर उभं राहतं. आम्ही खोली सोडली ती चूक झाली, आता पुन्हा घ्यायची तर अनामत द्यायला पैसे नाहीत. पाण्याची टाकी गाडीच्या वर बसवू नका, दुपारी त्यातलं पाणी हाताला सोसत नाही, सीटखाली बसवा. गाडीत छोटा संडास बसतो, त्याच्यासाठी चार खुर्च्यांची जागा गेली तरी जाऊ द्या.

आणि घ्यायच्या आधी एकदा आमची गाडी आतून पाहून जा. मुलांना घेऊन या. सकाळी नको, मे महिन्यात दुपारी दोन वाजता या.