‘उंच माझा झोका’: स्वातंत्र्य मिळवलं की नवऱ्याने दिलं?

ओसरी
परवा एकाने लिहिलं, "आजच्या मालिकांतल्या बायका नुसती कारस्थानं करतात, स्त्री-स्वातंत्र्य बघायचं तर उंच माझा झोका बघा, रमाबाईंनी कुणाशी न भांडता, घर न मोडता सगळं मिळवलं, आजच्या मुलींनी शिकावं." खाली नुसते बदाम आणि हात जोडलेले. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि त्यांची बायको रमाबाई यांच्यावरची ही मालिका मीही बघितली, आवडीने बघितली. २०१२ ला झी मराठीवर लागायची तेव्हा आमच्याकडे त्या वेळेत कुणी फोनसुद्धा उचलायचं नाही. छोटी रमा तेजश्री वालावलकर गोड, मोठी स्पृहा जोशी चांगली, विक्रम गायकवाडचे रानडे तर असे की पाठ्यपुस्तकातला फोटो हलायला लागला. पण मला सांगा त्यात स्वातंत्र्य मागतंय कोण? अकरा वर्षांची पोर एकतिशीच्या बिजवराला दिली. नवरा म्हणतो शीक, शिकते. म्हणतो इंग्रजी शीक, तेही शिकते. घरातल्या बायका छळतात, नवरा म्हणतो सहन कर, सहन करते. हुकूम देणारं माणूस बदललं, हुकूम तसाच.

त्याच काळात मुंबईत रखमाबाई होत्या ना. लग्न तेवढ्याच वयात. मोठी झाल्यावर म्हणाली मी नांदायला जाणार नाही. नवरा कोर्टात गेला, १८८७ ला निकाल लागला की नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग, तर बाई म्हणाली तुरुंगात जाते. शेवटी १८८८ ला नवऱ्याला दोन हजार रुपये देऊन मिटलं आणि ही लंडनला जाऊन डॉक्टर झाली. काढा की तिच्यावर रोज रात्रीची मालिका. नाही काढणार, कारण तिने घर मोडलं. पंडिता रमाबाईंना (या वेगळ्या, रानडे नव्हेत) तर कुठलं चॅनल हात लावतंय, १८८३ ला ख्रिश्चन झाल्या ना त्या.

ताकभात
झालं का सुरू! १८७३ सालच्या मुलीने अकराव्या वर्षी मोर्चा काढायला हवा होता का? देवराष्ट्र्याहून आलेली, अक्षरओळख नसलेली पोर. त्यांचं पुस्तक तरी वाचलंय का, ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’, १९१० चं? मुलींच्या हायस्कूलसाठी गव्हर्नर फर्ग्युसनसमोर इंग्रजीत वाचून दाखवलं त्यांनी आणि घरी आल्यावर बायकांनी जे काही ऐकवलं ते वाचा एकदा. टाळ्या बाहेर, टोमणे माजघरात, आणि दुसऱ्या दिवशी परत पुस्तक हातात. याला हुकूम पाळणं म्हणत असाल तर धन्य आहे.

आणि रानडे १९०१ ला गेले, त्या १९२४ ला. मधली तेवीस वर्षं हुकूम काय स्वर्गातून यायचे? १९०९ चं पुण्याचं सेवासदन, नर्सिंगला बायका पाठवणं, तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाणं, मुलींनाही सक्तीचं प्राथमिक शिक्षण हवं म्हणून रस्त्यावर उतरणं, मताधिकाराची चळवळ, हे सगळं कुणी सांगितलं होतं?

ओसरी
अहो ताकभात, तेच तर म्हणतेय मी! मालिका बघितलेल्या कुणालाही विचारा काय आठवतं. भातुकली, पाटी-पेन्सिल, सासरच्यांचे टोमणे आणि कंदिलाच्या उजेडात नवऱ्याजवळ बसून अभ्यास. तुरुंग आठवतो का कुणाला? मताधिकार? विधवा झाल्यानंतरची बाई ही खरी बाई होती आणि तीच आपल्याला नको असते. सौभाग्यवती असेपर्यंतच क्रांती गोड लागते आपल्याला.

पेठेबाहेरचा
तुमचं सगळ्यांचं स्वातंत्र्य पुण्यातल्या चार वाड्यांतून सुरू होतं आणि तिथंच संपतं. १८४८ ला भिडे वाड्यात जोतिराव-सावित्रीबाई फुल्यांची मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा रमाबाईंचा जन्मपण नव्हता झाला. २०२० ला सोनी मराठीवर त्यांच्यावरची सावित्रीजोती मालिका आली, चांगली होती, वर्ष संपायच्या आत गुंडाळली. तेव्हा कुठं होते हे बदामवाले?

खडीसाखर
@पेठेबाहेरचा, त्या वर्षी लॉकडाऊन होता, शूटिंग बंद होती सगळ्यांचीच. प्रत्येक गोष्टीत जात आणायलाच हवी का?

पेठेबाहेरचा
लॉकडाऊनमध्ये रामायण परत बघायला वेळ होता की महाराष्ट्राला. आणि जात मी नाही आणली, ती टीआरपीच्या आकड्यातच बसलेली असते. असो. तुम्ही चालू द्या तुमची भातुकली.

चिंचगुळ
मला भलतंच खटकतं. त्या घरातल्या बायका. मालिकेत एकजात खलनायिका, डोळे वटारणाऱ्या, कान भरणाऱ्या. जरा बघा तरी त्या होत्या कोण. रानड्यांची सख्खी बहीण दुर्गा, लहान वयात विधवा झालेली. भाऊ विधवाविवाहाच्या चळवळीतला मोठा माणूस, पण बहिणीचं लग्न लावलं नाही. आणि स्वतःची पहिली बायको गेली त्याच वर्षी डिसेंबरात अकरा वर्षांच्या मुलीशी बोहल्यावर उभे. आता त्या बहिणीने रोज काय बघायचं? जो भाऊ आपल्यासाठी काही करू शकला नाही तो भावजयीला मांडीशी पाटी देऊन बसवतोय. ती टोमणे मारणार नाही तर काय ओवाळणार?

आमच्या वाईच्या घरी माझ्या आजोबांची आत्या होती. मी बघितलेली नाही, आई सांगते. आलवण नेसायची, डोक्यावरून पदर कानामागे घट्ट खोचलेला, लोणच्याच्या बरणीला कुणाचा हात लागू द्यायची नाही. घरातल्या पोरींना शाळेत घालायला सगळ्यात जास्त विरोध हिचा. पण वाण्याकडून सामान आलं की पुड्यांचे कागद हीच सोडायची, हाताने सपाट करून फडताळात घडी घालून ठेवायची. सगळ्यांना वाटायचं चूल पेटवायला. ती गेल्यावर तो गठ्ठा निघाला, त्यात नुसते वर्तमानपत्राचे तुकडे, तेलाचे एक नाहीत. आता बोला.

सांडगे
आमची आत्या मात्र वाचायची नाही, हाणायची.

नागपुरी_ऊन
चिंचगुळ ताई, तुमच्या आत्याबद्दल वाईट वाटलं पण हे जे चाललंय ना, छळणाऱ्या बाईच्या दुःखाला कुरवाळायचं, याची मला चीड येते. छळाला कारण असलं की छळ कमी दुखतो का? माझं ऐका. मी लग्नानंतर बी.एड.ला ॲडमिशन घेतली. परीक्षेच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी गहू भिजवले. कुरडयांचा चीक म्हणजे काय असतं ते करणाऱ्याला विचारा, पहाटे उठून तो आटवायचा, गच्चीवर ऊन चढायच्या आत घालायच्या. मी म्हटलं आई माझा पेपर आहे, तर म्हणे गहू थांबतात का. नवरा काय म्हणाला? "तू लक्ष देऊ नको, आईचा स्वभावच तसा आहे." चिकाच्या हाताने पेपर लिहिला मी.

तर मला त्या दुर्गाबाईंपेक्षा रानड्यांचा राग येतो. बाहेर सगळ्या हिंदुस्थानाला सुधारणा सांगायची आणि माजघरात एक शब्द नाही. न्यायमूर्ती घरात कायम निकाल राखूनच ठेवायचे!

ताकभात
हे म्हणजे अतिच. वडिलांना दुखवायचं नाही म्हणून त्यांनी लग्न केलं, त्याची टीका आयुष्यभर सोसली, वडिलांपुढे त्या काळी कोण बोलायचं?

ओसरी
विष्णुशास्त्री पंडित बोलले की. चळवळीतलेच ना ते? १८७४ ला स्वतः विधवेशी लग्न केलं. रानड्यांच्या लग्नानंतर फार तर वर्षभरात. काळ तोच, पुणं-मुंबई तेच.

दोन_रुपये
इतका वेळ झाला आणि टिळकांचं नाव नाही?? १८८४ ला पुण्यात हुजूरपागा ही मुलींची शाळा निघाली तेव्हा मुलींना इंग्रजी शिक्षण कशाला म्हणून कुणी रान उठवलं? संमतिवयाचा कायदा १८९१ चा, मुलींचं संमतीचं वय दहाचं बारा वर्षं करायचं होतं फक्त, त्याला विरोध कुणाचा? मालिकावाल्यांची हिंमत असेल तर माजघरातल्या बायकांऐवजी खरा व्हिलन दाखवायचा होता.

खडीसाखर
आलात का! धागा कांदेपोह्यांचा असला तरी तुम्ही टिळकांवर जाणार. पुण्यातल्या ख्रिस्ती पंचहौद मिशनमधल्या चहाला टिळकही होते हे सोयीस्करपणे विसरायचं. आणि त्या चहावरून ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, झाल्यावर तुमच्या सुधारक रानड्यांनीही १८९२ ला प्रायश्चित्त घेतलंच ना?

दोन_रुपये
"तुमच्या" रानड्यांनी? मी कधी म्हटलं माझे?

खडीसाखर
मग कुणाचे आहेत ते सांगा. धड इकडचे नाही धड तिकडचे, प्रत्येक धाग्यात तुम्ही असेच.

चिंचगुळ
टिळकांचा वेगळा धागा काढा प्लीज, हात जोडते. इथे बायकांबद्दल बोलत होतो आपण, दोन पुरुष आले आणि दोन पुरुषांवर गेले.

@नागपुरी_ऊन, मी छळाला बरोबर म्हणत नाहीये. पण बघा, तुम्ही स्वतः म्हणालात राग नवऱ्याचा. मग मालिकेत राग कुणाचा यावा असं दाखवलंय? नवरा देवमाणूस, बायका चेटकिणी. लिहिणाऱ्यांना हे सोपं पडतं, कारण रात्री मालिका बघत सासू-सून दोघी शेजारी बसलेल्या असतात आणि मधल्या माणसाला दुखवायचं नसतं.

नागपुरी_ऊन
ते एक बरोबर आहे तुमचं. तरी कुरडया मी विसरणार नाही.

ताकभात
बरं बाई, मालिकेने माजघर ताणलं हे मान्य, दैनंदिन मालिका आहे, माजघर नाही ताणलं तर ती चालते कशी? पण ओसरी, तुमचा मुख्य मुद्दा मला अजिबात पटलेला नाही. रखमाबाईंच्या मागे शिकलेले सावत्र वडील होते, पैसा होता, वकील होते. रमाबाईंजवळ नवरा हा एकच दरवाजा होता आणि त्या त्यातून बाहेर पडल्या. दरवाजा कुणी उघडला यावरून चालणारीचे पाय खोटे ठरतात का? माझ्या आईला वडिलांनी नोकरी करू दिली, हो, "करू दिली", मला पण तो शब्द टोचतो. पण बँकेत लेजर तिने लिहिलं, बाबांनी नाही.

ओसरी
ठीक. पाय खरे, हे लिहून देते, सही हवी असेल तर तीही करते. पण मग मूळ पोस्टवाल्याला तुम्हीच सांगा की "कुणाशी न भांडता" हे वाक्य काढून टाक. त्या रोज भांडत होत्या, फक्त आवाज न करता. आणि "आजच्या मुलींनी शिकावं" म्हणजे काय शिकावं त्याला वाटतंय ते आपल्या सगळ्यांना कळतं. सहन करायला शिकावं. मला राग त्याचा आलाय, रमाबाईंचा नाही.

ताकभात
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर मी एवढं टाइप केलं नसतं.

पेठेबाहेरचा
झालं तुमचं मनोमीलन? सावित्रीजोती शोधून बघणार का कुणी, का परत पाच वर्षांनी याच मालिकेवर हाच धागा?

ताकभात
बघते हो, खरंच बघते. टोमणे नका मारू, तुम्ही पण दुर्गावन्संच झालात. आता नळाला पाणी आलंय, भरून येते, मग ते टीआरपीचं बोलू.

दोन_रुपये
टिळकांचा वेगळा धागा काढलाय. या तिकडे.