मदत हवी आहे: कुत्र्याने सासवातली आंब्याची बाठ गिळली

कुळागर (रविवार, दुपारी ३.४०)

घाईत लिहितोय, चुका सांभाळून घ्या. आम्ही म्हार्दोळचे. आज पाहुणे होते म्हणून आईने आंब्याचं सासव (नारळ-मोहरीच्या वाटणातलं कालवण) केलं होतं, घोंटं म्हणजे छोटे आंबे अख्खेच टाकलेले. जेवणं झाल्यावर पत्रावळी मागीलदारी ठेवल्या आणि आमच्या बंड्याने त्यात तोंड घातलं. मुलीने पाहिलं तेव्हा तो बाठ चघळत होता. ती ओरडली, तशी आता ही काढून घेणार म्हणून त्याने ती गट्टकन गिळलीच. तीन वाजले होते तेव्हा.

बंड्या गावठी, चार वर्षांचा, लशीच्या वेळी साडेतेरा किलो भरला होता. आत्ता शेपटी हलवत माझ्यासमोर बसलाय, काही झालंय असं वाटतच नाही. आई म्हणते मिठाचं पाणी पाज, ओकून टाकेल. शेजारचे म्हणतात एरंडेल दे. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा फोन रविवारमुळे लागत नाही. सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का?

मांडवीकाठ (३.४८)

घाबरू नका. आमच्या लॅब्रॉडोरने मोजा गिळला होता, तिसऱ्या दिवशी शीतून बाहेर आला. भरपूर केळी-भात चारा, त्यात गुंडाळून निघून जाईल.

नाचणी (३.५६)

मांडवीकाठ, मोजा निघाला हे तुमचं नशीब. कृपा करून हा सल्ला कुणाला देऊ नका.

कुळागर, मी बरीच वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काम केलंय, म्हणून स्पष्ट लिहिते. आधी काय करायचं नाही ते. मिठाचं पाणी अजिबात नको. रक्तातलं सोडियम वाढून कुत्र्याला झटके येतात, जीवही जातो. बाठीपेक्षा मिठानेच मेलेला कुत्रा बघायचा नसेल तर आईंना सांगा. एरंडेलही नको. आतडं अडलं असेल तर वरून जोर लावून काय होणार? आणि केळी-भात तर नाहीच, कारण भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं हवं.

बाठ पोटात विरघळत नाही. तिच्यावरचे केस सुटतात, पण कवच तसंच राहतं. कधी जठरात आठवडाभर निवांत पडून राहते, कुत्रा खातोपितो, आणि मग एक दिवस पुढे सरकून लहान आतड्यात बसते. म्हणून तो आत्ता शेपटी हलवतोय याला काही अर्थ नाही. दवाखान्यात उलटीचं इंजेक्शन देता येतं, साधारण पहिल्या दोन तासांत त्याचा उपयोग जास्त. पण बाठीला टोक असतं, वर येताना अन्ननलिकेत अडकू शकते, म्हणून द्यायचं की नाही हे डॉक्टरच ठरवतील. तुमच्याकडे तासभर आहे. निघा.

जाताना पत्रावळीतली तेवढीच दुसरी बाठ बरोबर घ्या. एक्स-रेमध्ये धातू किंवा हाड स्पष्ट दिसतं, बाठ बऱ्याचदा दिसत नाही. आकार माहीत असला की सोनोग्राफी करणाऱ्याला शोधणं सोपं जातं. आणि बाठी मोजा. एकच गेली हे कशावरून?

रापणकार (४.०५)

नाचणीबाईंचं ऐका. गेल्या पावसाळ्यात आमच्या मांजरीने गरीला (मासे पकडायच्या गळाला) लावलेल्या सुंगटासकट, म्हणजे कोळंबीसकट, गरी गिळली. तोंडातून वीतभर तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) लोंबत होता. माझा भाऊ ओढणारच होता, मी हात धरला. डॉक्टर म्हणाले, ओढला असता तर गरी आणखी रुतली असती. दोरा, तंगूस, शिवणाचा धागा, काहीही असो, एक टोक आत अडकलेलं असताना दुसरं ओढलं की आतडं करवतीने कापल्यासारखं चिरतं. मागून लोंबत असला तरी ओढायचा नाही.

कुळागर (४.०९)

मोजल्या. नऊ ताटं, ताटागणिक दोन, म्हणजे अठरा. पत्रावळीत सोळा सापडल्या. दोन गायब! पणजीचा एक दवाखाना उघडा मिळालाय, निघतोय.

कुळागर (रात्री १०.१५)

बाणस्तारीच्या पुलावर वीस मिनिटं अडकलो, पोचायला पावणेपाच वाजले. एक्स-रेत खरंच काही कळलं नाही. सोनोग्राफीत जठरात एक बाठ दिसली, दुसरी नाही. मी नेलेली बाठ टेबलावर शेजारी ठेवून डॉक्टर पडद्यावर मापं घेत होते. उलटी करवली नाही, टोकामुळेच. रात्री तिथेच सलाइनवर ठेवलंय. घरी आलो तर आई दुसरी बाठ शोधत अंगणभर टॉर्च घेऊन फिरतेय, तिला अजून वाटतं ती तुळशीच्या मागे पुरली असेल.

नाचणी (१०.३१)

रात्री उलट्या, पोटाला हात लावू न देणं, पुढचे पाय टेकून मागचा भाग वर ठेवून पाया पडल्यासारखं उभं राहणं, यातलं काही दिसलं तर ते वाट बघणार नाहीत. ठेवलंत ते बरं केलंत.

कुळागर (सोमवार, दुपारी २.२०)

पहाटेपासून पिवळं पाणी ओकत होता. परत सोनोग्राफी केली तेव्हा दुसरी बाठ लहान आतड्यात दिसली, तिच्या अलीकडे आतडं फुगलेलं. लगेच ऑपरेशन. एक जठरातून, एक आतड्यातून काढली. आतड्याचा रंग अजून चांगला होता, त्यामुळे तुकडा कापावा लागला नाही, नुसती चीर देऊन टाके घातले. आणखी एक दिवस गेला असता तर तुकडा काढावा लागला असता, असं डॉक्टर म्हणाले.

मांडवीकाठ (२.४५)

माझा केळी-भाताचा सल्ला मागे घेतो. बंड्या लवकर बरा होवो.

कुळागर (गुरुवार, सकाळी ९.०५)

बंड्या काल घरी आला. डॉक्टरांनी सांगितलंय की आतड्याचे टाके सुटण्याचा धोका पहिल्या तीन ते पाच दिवसांत असतो, तेव्हा उलटी, ताप किंवा जेवण सोडणं दिसलं तर तसाच उचलून आणा. थोडं थोडं पातळ खाणं दिवसातून चार-पाच वेळा, वरचे टाके दहा-बारा दिवसांनी काढणार. गळ्यात प्लास्टिकचा कोन आहे, तो घेऊन तुळशीवृंदावनाला धडकतो आणि आमच्याकडे रागाने बघतो.

एक विचारायचं राहिलं. कोनामुळे वाटीतली पेज त्याला नीट चाटता येत नाही, कडा मध्ये येते. जेवताना कोन काढला तर चालेल का, की उंच पाटावर वाटी ठेवू?

नाचणी (९.२०)

वाटी कोनाच्या तोंडापेक्षा अरुंद आणि पाटावर. काढायचाच असेल तर हाताने भरवेपर्यंत, आणि तुम्ही समोर असताना. टाक्यांना जीभ लागायला दोन सेकंद पुरतात.