राजगडाचा लेख लोक अर्ध्यात सोडतात, काय चुकतंय?

रानवाट:
मंडळी, मनापासून विचारतेय. पावसाळ्यात राजगड केला, गुंजवण्याहून चोर दरवाज्याने चढलो, सुवेळा माचीवर नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, जाऊन बसलो. घरी येऊन तीन रात्री जागून दोन हजार शब्द लिहिले. बहीण म्हणाली छान झालाय, मग मी नेढ्याचं विचारलं तर तिला पत्ताच नाही, म्हणजे तिथवर पोचलीच नाही ती. सुरुवात अशी आहे : "बऱ्याच दिवसांपासून राजगड मनात होता, अखेर योग आला, पहाटे चारचा अलार्म लावला..." खाली पूर्ण लेख टाकलाय, स्पष्ट सांगा.

झोळणा:
पूर्ण वाचला. चार परिच्छेद झाले तरी तुम्ही स्वारगेटलाच आहात. कोण उशिरा आलं, पोहे कुठे खाल्ले, हे तुमच्या ग्रुपला गोड वाटेल पण वाचणाऱ्याची त्या माणसांशी अजून ओळखच नाही. मग एकदम इतिहासाचा गठ्ठा, मुरुंबदेवाचा डोंगर, तीन माच्या, राजधानी, २०२५ ची युनेस्को यादी, सगळं खरं पण एकाच जागी ओतलंय. सईबाई सप्टेंबर १६५९ मध्ये याच गडावर गेल्या, संभाजीराजे तेव्हा जेमतेम दोन वर्षांचे, आणि पुढे दोन महिन्यांत प्रतापगडाखाली अफझलखान. हे तुम्ही पायथ्यालाच सांगून मोकळ्या झालात आणि पद्मावती माचीवर समाधीपाशी पोचल्यावर नुसतं "दर्शन घेतले". अहो, तिथे उभं करून सांगा ना!

बुक्का:
झोळणांचं इतिहासाबद्दल पटलं, पण सावकाश सुरुवात म्हणजे चूकच असं नाही. माझे आजोबा नारदीय कीर्तन करायचे, पूर्वरंगात अभंग घेऊन तासभर निरूपण, मग बुक्का लावायचा, मग उत्तररंगात आख्यान. लोक उठायचे नाहीत कारण अभंगातून एक प्रश्न ते आधीच मनात सोडून द्यायचे आणि त्याचं उत्तर थेट आख्यानात मिळायचं. वस्त्रहरण लावलं की दुःशासनाने पदराला हात घातला तिथेच थांबायचे आणि साकी, म्हणजे गायचं पद, सुरू, समोर वाती वळणाऱ्या बायकांचे हात तसेच मांडीवर राहायचे, मी पाहिलंय.
तुमच्या लेखात तसा प्रश्न आहे, पण लपलाय. मध्येच लिहिलंय, "मला लहानपणापासून उंचीची भीती." एवढंच, आणि पुढे विषयच नाही! उंचीची भीती असलेली बाई चोर दरवाज्याच्या त्या खड्या वाटेने गेली कशी, हे मला शेवटपर्यंत वाचायचं होतं.

पाटीपेन्सिल:
निसर्गरम्य, अविस्मरणीय, डोळ्यांचं पारणं फिटलं, हे सगळं काढा, कुठल्याही गडाला चालतं ते. त्याउलट "नेढ्यात ओढणी वाऱ्याने तोंडावर चिकटली आणि शेजारी बसलेल्याचं बोलणंही ऐकू येईना", इथे मी थांबून परत वाचलं. आणि घरी कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, ऐकणारा फोनकडे बघायला लागला की त्या ओळीवर खूण करा.

रानवाट:
आईला वाचून दाखवलं. स्वारगेट पूर्ण उडवलं, समाधीचं समाधीपाशी नेलं. आता सुरुवात अशी :
"रेलिंग ओलं होतं आणि मी ते दोन्ही हातांनी धरून उभी होते. वरून मैत्रीण म्हणाली, खाली बघू नकोस. मी बघितलं."
आईने लगेच विचारलं, मग? युनेस्कोचं मात्र कुठेच बसत नाहीये, सरळ काढून टाकू का?