लॅपटॉपवर कुलूप दिसतं, अ‍ॅप मात्र जोडत नाही
मालवणच्या होमस्टेची साइट लॅपटॉपवर उघडते आणि बुकिंगचं अ‍ॅप सर्टिफिकेट (साइटचं डिजिटल ओळखपत्र) नाकारतं, तर सायफरना, म्हणजे एन्क्रिप्शनच्या सेटिंगला, हात लावू नका. बहुधा सर्व्हरकडून मधलं सर्टिफिकेट, म्हणजे साइटच्या सर्टिफिकेटला विश्वासू मूळ सर्टिफिकेटशी जोडणारा दुवा, जात नाहीये. काही ब्राउझर ते स्वतः मिळवतात, अ‍ॅप सहसा नाही. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरच्या सेटिंगमध्ये 'एसएसएल_सर्टिफिकेट'पुढे सर्ट.पेम (फक्त साइटचं सर्टिफिकेट) असेल, तिथे फुलचेन.पेम (मधल्यासकट) द्या, 'एन्जिनएक्स -टी'ने तपासून मगच रीलोड. ओपनएसएसएलच्या एस_क्लायंट या तपासणीच्या कमांडमध्ये २१ दिसणारा पडताळणीचा कोड ० झाला की जमलं. आयपी देऊन तपासत असाल तर सर्वरनेमही (साइटचं नाव) द्या, नाहीतर भलत्याच साइटचं सर्टिफिकेट येईल.

आणखी एक: सर्टबॉट हा प्रोग्राम मुदत संपण्याआधी नवं सर्टिफिकेट आणतो, पण रीलोडचा डिप्लॉय-हुक (त्यानंतर आपोआप चालणारी कमांड) नसेल तर एन्जिनएक्स जुनंच देत बसू शकतो. पावसात लाइट जाऊन मशीन पुन्हा सुरू होतं आणि नवं सर्टिफिकेट उचललं जातं, म्हणून चूक झाकली जाते. उघडी पडते ती मे महिन्यात, ऐन सीझनला.