संपादकांचे बाण: इंग्रजीत 'कसं, कुठे, केव्हा' क्रियापदामागे कुठल्या क्रमाने येतं?

पानोपान:
मी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचे मराठीतून इंग्रजीत अनुवाद करते. परवा २२ पानं संपादकांकडून परत आली. शब्द जवळपास एकही बदललेला नाही, नुसते लाल बाण. क्रियाविशेषणाभोवती गोल आणि तिथून उजवीकडे बाण. खाली शेरा नाही, कारण नाही. विचारलं तर म्हणाले, "कानाला खटकतं." माझ्या कानाला नाही खटकत, म्हणून तर मी तसं लिहिलं ना!

'क्लीन थरोली द फिल्टर' इथे बाण. 'क्लीन द फिल्टर थरोली' झालं. बरं, म्हणजे क्रियाविशेषण शेवटी, असं मनाशी ठरवलं. पण त्याच पानावर 'लुक केअरफुली ॲट द डायल' आहे, त्याला हात लावलेला नाही. दोन ओळी खाली 'डिस्क्राइब ब्रीफली एनी फॉल्ट यू नोटिस्ड व्हाइल द मशीन वॉज रनिंग', तेही जसंच्या तसं. चौथं वाक्य 'द पंप रन्स एव्हरी मॉर्निंग इन द बेसमेंट क्वाएटली', तिथे मात्र बाणांचं जाळं झालंय.

यात काही नियम आहे, की संपादकांचा मूड?

जुना_फळा:
नियम आहे, आणि तुमचे संपादक चारही ठिकाणी बरोबर आहेत. त्यांना तो सांगता येत नाही इतकंच. तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण पहिली दहा वर्षं मीही 'कानाला खटकतं' एवढंच सांगत होतो.

पहिलं वाक्य. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मध्ये तिसऱ्याने बसायचं नाही. 'क्लीन' आणि 'द फिल्टर' एकमेकांना चिकटून. 'थरोली' एक तर दोघांच्या आधी, नाही तर दोघांच्या नंतर.

दुसऱ्यात 'द डायल' हे थेट कर्म नाही. 'लुक'ला कर्म लागत नाही. 'ॲट द डायल' हा वेगळा गठ्ठा आहे, प्रीपोझिशनने बांधलेला. 'लुक' आणि हा गठ्ठा यांच्यात फट असते, तिथे 'केअरफुली' मावतं. गठ्ठ्यानंतरही चालतं: 'लुक ॲट द डायल केअरफुली'. मात्र गठ्ठा फोडून 'ॲट'च्या पुढे ते घुसवता येत नाही.

तिसऱ्यात कर्म आहे, तरी मध्ये 'ब्रीफली' चाललं, कारण कर्म अगडबंब आहे. 'एनी फॉल्ट'पासून 'रनिंग'पर्यंत नऊ शब्द. 'ब्रीफली' त्या शेपटीमागे टाकलं तर वाटेल, यंत्रच थोडा वेळ चालत होतं. जड कर्म मागे ढकलायची इंग्रजीला मुभा आहे. हलक्याला नाही.

आता चौथं. पंपाचं मूळ मराठी वाक्य काय होतं?

पानोपान:
'पंप रोज सकाळी तळघरात शांतपणे चालतो.'

जुना_फळा:
वाटलंच. मराठीत क्रियापद शेवटी. त्याच्यापासून मागे मागे जा: चालतो, शांतपणे, तळघरात, रोज सकाळी. आता हेच इंग्रजीत उतरवा: 'रन्स क्वाएटली इन द बेसमेंट एव्हरी मॉर्निंग'. कर्त्याला जागेवर ठेवा, बाकीचं वाक्य आरशात धरा. तुम्ही कर्ता आणि क्रियापद जागेवर आणलंत, पण उरलेली रांग मराठीच्या क्रमाने तशीच उभी ठेवलीत.

तुकड्यांच्या आतसुद्धा तेच. आपण 'तळघरात' म्हणतो, खूण मागे. ते 'इन द बेसमेंट' म्हणतात, खूण पुढे. आपला विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय आणि त्यांचं प्रीपोझिशन हीसुद्धा आरशातलीच जोडी. कर्माचंही तसंच: 'फिल्टर नीट धुवा'पेक्षा 'नीट फिल्टर धुवा' उलटवलंत की थेट 'क्लीन द फिल्टर थरोली' मिळतं.

वर्गात मुलांना 'कसं-कुठे-केव्हा' हे पाठ करायला लावत असे. मुलं पाठ करायची आणि चुकीचंच लिहायची. आरसा सांगितल्यावर चुका कमी झाल्या.

कोडकिडा:
मस्त. पण एक खड्डा दाखवून ठेवतो. 'टर्न ऑफ द पंप' आणि 'लुक ॲट द पंप' सारखे दिसतात, तसे नाहीत. पंपाच्या जागी 'इट' घालून बघा. 'टर्न इट ऑफ' म्हणावंच लागतं, 'टर्न ऑफ इट' चालत नाही. उलट 'लुक ॲट इट' बरोबर आणि 'लुक इट ॲट' हास्यास्पद. पहिल्यातला 'ऑफ' क्रियापदाचा शेपूट आहे, प्रीपोझिशन नाहीच. म्हणून 'टर्न क्विकली ऑफ द पंप' होत नाही, पण 'लुक क्विकली ॲट द पंप' होतं.

हे मी चूकसंदेश लिहिताना शिकलो. स्क्रीनवर महिनाभर 'शट डाउन इट' झळकत होतं. कुणीच बोललं नाही.

अर्धविराम:
आरसा छान आहे, पण त्यावर घर बांधू नका. 'झडप नेहमी आपोआप उघडते' उलटवा: 'द व्हॉल्व्ह ओपन्स ऑटोमॅटिकली ऑलवेज'. कोण म्हणतं असं? 'ऑलवेज', 'ऑफन', 'नेव्हर' ही मंडळी क्रियापदाच्या आधी बसतात: 'द व्हॉल्व्ह ऑलवेज ओपन्स'. त्यातही 'इज' असेल तर त्याच्यानंतर: 'द व्हॉल्व्ह इज ऑलवेज ओपन'. फ्रेंच मात्र क्रियापद आणि कर्म यांच्या मध्ये 'बऱ्याचदा' बिनदिक्कत बसवते, 'मी खातो बऱ्याचदा सफरचंदं' असं. म्हणजे क्रियापद कर्माच्या आधी आणणाऱ्या सगळ्याच भाषा या बाबतीत इतक्या कडक आहेत असं नाही. हा इंग्रजीचा स्वतःचा हट्ट आहे.

आणि फक्त क्रमच बघू नका, अर्थ सरकतो. 'ही आन्सर्ड द क्वेश्चन फूलिशली' म्हणजे उत्तर मूर्खासारखं दिलं. 'ही फूलिशली आन्सर्ड द क्वेश्चन' म्हणजे उत्तर कदाचित चोख असेल, पण तोंड उघडलं हाच मूर्खपणा. मराठीत आपल्याला यासाठी वाक्यच वेगळं करावं लागतं. इंग्रजी एका शब्दाची जागा बदलून मोकळी होते.

आणखी एक, पुस्तिकावाल्यांसाठी. मराठीत 'झाकण ठेवा' पुरतं. इंग्रजीत 'पुट द कव्हर' अर्धवट आहे, ऐकणारा थांबून राहतो, कुठे? 'ऑन द बेस' हवंच. काही क्रियापदांना 'कुठे' ही सजावट नसते, ती त्यांची भूक असते. हे आरशात दिसत नाही, कारण मूळ मराठीत तो शब्दच नसतो.

जुना_फळा:
'ऑलवेज'बद्दल मान्य. ते मी दुसऱ्या तासाला शिकवायचो, पहिल्याच तासाला सांगितलं की मुलं आरसाही टाकून देतात. भुकेचं मात्र माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

पानोपान:
काल रात्री २२ पानं आरसा हातात धरून पुन्हा वाचली. बहुतेक बाण पटले. 'पुट द कव्हर'वाली चार वाक्यं सापडली, तिथे संपादकांचा बाण नव्हता, ती मीच पुरी केली.

एका बाणावर मात्र अडले. मी लिहिलं होतं, 'रेग्युलरली चेकिंग द बेल्ट प्रिव्हेंट्स डॅमेज'. त्यांनी सवयीने शब्द उचलून पुढे नेला: 'चेकिंग द बेल्ट रेग्युलरली प्रिव्हेंट्स डॅमेज'. क्रियापद आणि कर्म चिकटलेली आहेत, नियम मोडलेला नाही. पण आता 'रेग्युलरली' कुणाचं? पट्टा नियमित तपासायचा, की नुकसान नियमित टळतं? शब्द मधोमध बसून दोन्हीकडे बघतोय.

मी निळ्या पेनने उलटा बाण काढून त्याला परत जागेवर नेलं, आणि शेजारी लिहिलं: "कानाला खटकतं." पानं आज सकाळी पाठवली.

कोडकिडा:
उत्तर आलं की इथे टाका.